घोटाघोटाने झिजणारे दात

बालाघाटात एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत दुपारी रस्ते ओस पडतात. गर्दी दिसते ती ऊस पिळणाऱ्या गाडीभोवती, लिंबू-सोड्याच्या ठेल्यावर आणि किराणा दुकानातल्या काचेच्या फ्रिजसमोर. लांजी असो, कटंगी असो की वारासिवनी, लग्नाच्या मांडवात पाहुणा टेकला की आधी पाणी आणि मागोमाग थंड बाटली पुढे येते. 'ठंडा घ्या' हा आता आदरातिथ्याचा भाग झाला आहे. नको म्हटले तर यजमान ओशाळतो. या भागातल्या माणसांच्या दातांचा विचार या उन्हाळ्यापासूनच सुरू करायला हवा, कारण इथे गोड आणि आंबट पेये बहुतेक वेळा तहानेपोटी प्यायली जातात. तहान दिवसभर लागते आणि दातांचा खरा घात त्या 'दिवसभर'मध्ये आहे.

हे चित्र फार जुने नाही. १९७७ मध्ये कोका-कोला कंपनी भारतातून गेली आणि त्याच वर्षी थम्स अप बाजारात आले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली. तोवर, आणि नंतरही काही वर्षे, असे पेय काचेच्या बाटलीत मिळायचे. बाटली परत द्यायची असल्यामुळे दुकानाच्या पायरीवर उभे राहून ती दहा मिनिटांत संपवावी लागे. २००३ च्या आसपास २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना मिळू लागली आणि जाहिरातींसकट हे पेय खेड्यांत शिरले. त्यानंतर काचेची जागा प्लास्टिकने घेतली. दातांच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मला वाटते ती प्लास्टिकच्या बाटलीचे फिरकीचे झाकण. झाकण लावून बाटली पिशवीत टाकता येते, मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवता येते, अभ्यासाच्या टेबलावर उभी करता येते आणि दर पंधरा मिनिटांनी एक घोट घेता येतो. पूर्वी दहा मिनिटांत संपणारे पेय आता दुपारभर पुरते.

दुपारभर पुरल्याने काय बिघडते, हे समजायला दाताची घडण थोडी पाहावी लागते. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांपासून बनलेले हायड्रॉक्सिअपॅटाइटचे स्फटिक. दाढेच्या टोकावर हे कवच दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, हिरडीजवळ अगदी पातळ होत जाते. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येण्याआधीच नाहीशा झालेल्या असतात. एकदा गेलेला थर शरीर पुन्हा घडवत नाही.

एवढ्या कठीण कवचाचे आम्लापुढे मात्र फारसे चालत नाही. आम्लता मोजतात ती पीएचने, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या सामूने. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा खाली येईल तसे आम्ल वाढते. एका अंकाने खाली आले की आम्लता दहापट होते, दोन अंकांनी शंभरपट. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून लाळेत उतरू लागतात. इनॅमलखालच्या डेंटिनला आणि हिरडी मागे सरल्यावर उघड्या पडणाऱ्या मुळाला तर त्याहून सौम्य आम्लही पुरते, सुमारे ६.२ ते ६.७ इतके. कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो. ५.५ आणि २.५ यांत फरक तीन अंकांचा, म्हणजे हजारपटीचा.

यातून दोन वेगळ्या व्याधी होतात आणि बहुतेक लोक त्या एकच समजतात. एक दात किडणे, दुसरी दात झिजणे.

किडण्यात आम्ल बाहेरून येत नाही, ते तोंडातच तयार होते. दातांवर जमणाऱ्या चिकट थरात जिवाणूंची वस्ती असते. साखर मिळाली की ते ती खातात आणि आम्ल सोडतात. जर्मनीत काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये ही गोष्ट सविस्तर मांडली. पुढे १९२४ मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू वेगळा काढला. आज हा एकटाच गुन्हेगार मानला जात नाही, पण टोळीतला तो एक प्रमुख आहेच. कीड लागते ती या थराच्या आडोशाला: दोन दातांच्या फटीत, दाढेच्या खाचेत, हिरडीच्या कडेला.

झिजण्यात जिवाणूंचा संबंध नाही. पेयातले आम्ल थेट दाताला भिडते आणि पृष्ठभाग मऊ करत नेते. म्हणून साखर नसलेले 'डाएट' पेय कीड लावत नाही, पण झिजवण्यात मागे राहत नाही. अशी झीज दंतवैद्याच्या आरशात फार ठळक दिसते. दाढेच्या टोकांवर वाटीसारखे उथळ खळगे पडलेले असतात, तळाशी पिवळे डेंटिन दिसत असते. पुढच्या दातांच्या कडा पातळ होऊन प्रकाश आरपार जाईल अशा झालेल्या असतात. दाढेत पूर्वी चांदी भरलेली असेल तर ती आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा वर उठून उभी दिसते. चांदी जागेवरच असते, भोवतालचा दात खाली गेलेला असतो. अशा माणसाला सकाळी चूळ भरताना गार पाण्याने कळ येते आणि तो म्हणतो, 'दात पिवळे पडले, जरा पांढरे करून द्या.' पिवळेपणा डागाचा नसतो, आतल्या थराचा असतो. घासून तो जात नाही. उलट घासण्याने उरलेले इनॅमलही जाते.

गोड थंड पेयात ही दोन्ही संकटे एका बाटलीत असतात. फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल वरून, आणि साखर जिवाणूंसाठी. १०० मिलिलिटर कोलात साधारण १०.६ ग्रॅम साखर. २०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी हवी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर फार चांगले. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एका छोट्या बाटलीत तो हिशेब जवळपास संपतो, आणि दिवसाचे दोन-तीन चहा अजून बाकी असतात.

आता वेळेचा मुद्दा. १९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी लोकांना साखरपाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या थराचा सामू वेळोवेळी मोजला. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच तो धाडकन खाली येतो आणि लाळेच्या जोरावर हळूहळू वर चढत पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. हा आलेख आजही दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काढायला लावतात. त्याचा अर्थ सरळ आहे. बाटली पाच-दहा मिनिटांत संपवली तर दाताला एकदाच तासभर मार बसतो. तीच बाटली दुपारी एक ते पाच घोट घोट करत पुरवली तर सामू वर चढू लागला की पुढचा घोट येतो आणि तो पुन्हा खाली जातो. साखर तेवढीच, पैसे तेवढेच, पण दात चार तास आम्लात.

माणसांवर याची सर्वांत मोठी परीक्षा स्वीडनमध्ये झाली, आणि ती ज्या रीतीने झाली तिचा आज कोणी बचाव करणार नाही. लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म या बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांच्या संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात चारशेहून अधिक रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन त्यांचे दात किती किडतात ते पाहिले गेले. संमती देण्याच्या स्थितीत ती माणसे नव्हती. त्यांच्या दुखण्यातून जगाला कळले ते असे: जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने, मग ती पेयात का असेना, कीड थोडीच वाढली, तीच साखर दोन जेवणांच्या मध्ये आणि दाताला चिकटणाऱ्या टॉफीच्या रूपात दिली तेव्हा कीड झपाट्याने वाढली. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली, ती या निष्कर्षांतूनच. व्हिपेहोल्मच्या त्या माणसांचे हे ऋण आहे, आणि ज्ञान वापरताना त्याची किंमत कोणी मोजली हेही माहीत असायला हवे.

आपल्याकडच्या पेयांना ही मोजपट्टी लावली की काही समजुती हलतात. उसाचा ताजा रस नैसर्गिक म्हणून निर्धोक समजला जातो. त्यात साखर साधारण १३ ते १५ टक्के, कोलापेक्षाही जास्त. नुसत्या रसाचा सामू ५ च्या थोडा वर असतो, म्हणजे फार आम्ल नाही. पण गाडीवाला कांडकीबरोबर आख्खे लिंबू चरकात घालतो आणि तो खाली येतो. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५. तरीही रसाला एक गोष्ट वाचवते: तो गाडीपाशी उभे राहून पेलाभर पिऊन संपतो, कोणी तो झाकण लावून संध्याकाळपर्यंत पुरवत नाही. पुडीतून विरघळवायच्या सरबतात सायट्रिक आम्ल पुडीत असते आणि साखर आपण घरची घालतो, ओंजळी-ओंजळीने. शाळेला सुट्टी लागली की या सरबताचा जग फ्रिजमध्ये भरून ठेवतात आणि मुले येता-जाता पेला भरून घेतात. कीड लागायला याहून सोयीची व्यवस्था नाही. कैरीच्या पन्ह्यात आम्ल आहे आणि गूळही, आणि जिवाणूंना गूळ नि साखर यांत भेद करता येत नाही. पन्हे जेवणाबरोबर प्यायले तर त्याचा त्रास थोडा. बंद बाटलीतले आंब्याचे पेय आंब्याचे चित्र दाखवते, पण त्यात पाणी आणि साखर मुख्य. वेष्टनावर 'आम्लता नियामक' असे लिहून पुढे ३३० किंवा ३३८ हा आकडा असतो. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ३३८ म्हणजे फॉस्फोरिक. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी दुकानात उभ्या उभ्या बरेच कळते.

ताकाचे मात्र आश्चर्य आहे. ताक आंबट, त्याचा सामू साडेचारच्या आसपास, म्हणजे धोक्याच्या रेषेखाली. तरी ताकाने दात झिजत नाहीत. ताकात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके भरपूर असते की दातातून ते बाहेर पडायला वावच उरत नाही. चिंच किंवा लिंबू खाल्ल्यावर दात आंबतात तसे ताकाने आंबत नाहीत, हा सगळ्यांचा अनुभव आहे. मीठ-जिऱ्याचे ताक, साखर न घातलेले, हे या उन्हातले उत्तम पेय आहे.

आणि पेज. बैहरकडच्या गोंड आणि बैगा घरांत कोदो, कुटकी, मका किंवा तांदूळ शिजवून पातळ पेज करतात. शेतात जाताना वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून नेतात आणि दिवसभर पितात. पाणी, थोडे धान्य, कधी मीठ; साखर नाही. दिवसभर घोट घोट प्यायचे पेय असे असले तर दाताला काही भय नाही, आणि उन्हात राबणाऱ्याला पाणी नि अन्न दोन्ही मिळते. शिजलेल्या पिठूळ अन्नातूनही जिवाणू थोडे आम्ल करतात, पण साखरेच्या मानाने ते फारच कमी आणि सावकाश. या भागाने उन्हाळ्याचा प्रश्न आधीच सोडवलेला होता. आज त्याच शेताच्या बांधावर दोन लिटरची काळी बाटली दिसते तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

बांधावरच्या बाटलीचे भय वातानुकूलित खोलीतल्या बाटलीपेक्षा जास्त आहे, आणि कारण लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल पातळ करते, तिच्यातले बायकार्बोनेट ते निष्प्रभ करते, आणि तिच्यातले कॅल्शियम-फॉस्फेट मऊ झालेल्या जागी परत जाऊन बसते. इनॅमलची डागडुजी करणारे शरीरात दुसरे काहीच नाही. अंगातले पाणी कमी झाले की लाळही आटते. जुलैच्या दमट उकाड्यात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाईचे, भरवेलीच्या मँगनीज खाणीत पाळी करणाऱ्या कामगाराचे, मलाजखंडच्या रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या ड्रायव्हरचे तोंड कोरडे असते. त्या कोरड्या तोंडात गोड-आंबट घोट गेला की तो धुऊन काढायला कोणी नसते. झोपेतही लाळ जवळजवळ थांबते. म्हणून लग्नाच्या रात्री जेवणानंतर बाटली प्यायची आणि तसेच आडवे व्हायचे, ही सवय फार महागात पडते.

रात्रभर कोलात ठेवलेला दात सकाळी विरघळून जातो, असे पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. या गोष्टीचे मूळ १९५० मध्ये सापडते. कॉर्नेल विद्यापीठाचे क्लाइव्ह मॅके यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले होते की कोलात ठेवलेला दात मऊ पडतो आणि दोन दिवसांत विरघळायला लागतो. 'विरघळायला लागतो' याचे पुढे 'नाहीसा होतो' झाले. पेल्यात लाळ नसते आणि तोंडात कोणी दोन दिवस कोला धरून ठेवत नाही, त्यामुळे पेल्यातला प्रकार जसाच्या तसा तोंडात होत नाही. पण अतिशयोक्ती उघडी पडली म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. घोट घोट पिणारा आणि तोंड कोरडे असणारा माणूस त्या पेल्याच्या जवळ जवळ जात असतो.

लहान मुलांबद्दल जरा थांबून लिहायला हवे. दुधाच्या दातांचे इनॅमल पक्क्या दातांच्या जवळपास निम्म्या जाडीचे असते, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत फार लवकर पोचते. बाळाला साखर घातलेले दूध किंवा सरबत बाटलीत देऊन झोपवले की बूच ओठांत तसेच राहते आणि गोड द्रव वरच्या पुढच्या दातांभोवती साचतो. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. वरचे चार दात काळे, तुटके आणि खालचे पांढरेशुभ्र अशी दोन-अडीच वर्षांची मुले या भागातल्या कुठल्याही दंतवैद्याने पाहिलेली असतात. 'पडणारेच दात आहेत' म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. पण दुधाची शेवटची दाढ पडते ती दहा-बारा वर्षांची उमर झाल्यावर; तोवर मूल त्या दुखऱ्या दाताने जेवते, रात्री उठून रडते, आणि दाढ अकाली काढावी लागली तर मागचे दात सरकून पक्क्या दाताची जागा अडवतात.

उन्हाळ्यात जुलाब किंवा ऊन लागण्याच्या निमित्ताने मुलांना आणखी एक गोष्ट पाजली जाते, फळांच्या चवीची डबाबंद पेये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे खऱ्या ओआरएसच्या एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. गोड पेयांत त्याच्या कित्येक पट साखर असूनही काही कंपन्या 'ओआरएस' ही अक्षरे वेष्टनावर छापत होत्या. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे हा विषय लावून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर ही अक्षरे वापरायला मनाई केली. जुलाब वाढवणारी साखर दातही किडवत होती; तिला आळा बसणे हे या लढ्याचे दुसरे फळ.

पेयांनी मऊ केलेल्या दातावर आपण काय घासतो, हाही इथला खास प्रश्न आहे. छत्तीसगडच्या सीमेकडे गुडाखू सर्रास वापरली जाते. तंबाखू आणि गुळाची मळी यांचा तो लेप बोटाने दातांना चोळायचा. तंबाखूने दात स्वच्छ होत नाहीत, गुळाने कीड वाढते आणि कर्करोगाचे भय वेगळेच. दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर डबी मिळते. गोंदियाकडून आलेला खर्रा दिवसभर तोंडात, त्यातली कडक सुपारी दाढांची टोके घासत असते. वरून आंबट पेयाने ती टोके आधीच मऊ केलेली असतील तर झीज आणखी वेगाने होते. म्हणूनच आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रशही करू नये. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास लाळेला तिचे काम करू द्यावे.

ब्रशला पेस्ट लावायची ती फ्लोराइडची. फ्लोराइड इनॅमलच्या स्फटिकात शिरले की तो स्फटिक ४.५ पर्यंतच्या सामूला टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. वनस्पतींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये ते नसते. वेष्टन वाचूनच घ्यावी लागते. शेजारच्या मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर तपकिरी डाग आणि हाडांचे वाकडेपण येते, हे खरे आहे. अशा गावात आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी, पाणी बदलावे. पण तिथली भीती सगळ्या जिल्ह्याने पेस्टवर काढू नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, आणि थुंकायला शिकवायचे.

हे सगळे घराघरावर सोडून भागत नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांना कीड आढळली होती. ३५ ते ४४ वयाच्या माणसांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर होते. आपल्याकडे अशा पेयांवर कर आहे, पण त्याची नजर साखरेवर नसून वायूवर आहे. २०१७ पासून बुडबुड्याच्या पेयांवर उपकरासह ४० टक्के कर होता, सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेतही तो ४० टक्केच राहिला. मात्र त्याच वेळी बुडबुडे नसलेल्या फळांच्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दाताला बुडबुड्याने फारसे काही होत नाही, साखर आणि आम्लाने होते. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमच्या वर साखर असेल तर कर आणि ८ ग्रॅमच्या वर असेल तर जास्त कर, अशी चढती आकारणी केली. कंपन्यांनी आपणहून साखर कमी केली. दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण त्यानंतर सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखरेच्या ग्रॅमवर कर बसवणे आपल्याला अशक्य नाही, आणि तो बसवायला हवा.

तोवर घरात करण्याजोगे एक काम आहे, त्याला ना पैसा लागतो ना डॉक्टर. महिन्यातून एकदा खिडकीच्या उजेडात मुलाला मांडीवर आडवे घ्या, बोटाने त्याचा वरचा ओठ उचला आणि हिरडीच्या कडेला पाहा. तिथे खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर कीड सुरू होते आहे, पण भोक पडलेले नाही. या टप्प्यावर रात्रीची गोड बाटली बंद केली आणि फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा लावली तर लाळ ती रेघ पुष्कळदा पुन्हा घट्ट करते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला असेल तर ते लाळेच्या हातात उरत नाही. त्या मुलाला जिल्हा रुग्णालयात न्यावे, किंवा अंगणवाडीत नि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. गोंदिया जवळ आहे, नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. आणि तिथे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडबद्दल विचारावे. हा औषधाचा थेंब किडलेल्या जागी लावतात, इंजेक्शन नाही, मशीन नाही, मूल रडायच्या आत काम होते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, पण बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते.